थायोअसिटामाइडने सिरोसिस झाला, पण फुफ्फुसं नॉर्मल: मॉडेल चुकलं की मोजमाप?

यकृत_गट (प्रश्न)

सिरोसिसमध्ये फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, म्हणजे हेपॅटोपल्मनरी सिंड्रोम, पुढे नुसतं एचपीएस म्हणतो. त्यावर एक रेणू रॅटमध्ये तपासायचा आहे. नर स्प्राग-डॉली जातीचे रॅट, यकृताला इजा करणारं थायोअसिटामाइड 200 मिग्रॅ/किग्रॅ पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने, आठवड्यातून तीनदा, 12 आठवडे. यकृतावर गाठी नुसत्या डोळ्यांना दिसतात, तंतू रंगवणाऱ्या सिरियस रेडमध्ये तंतूंचे पट्टे एकमेकांना जोडलेले आहेत, प्लीहा मोठी आहे. सिरोसिसबद्दल शंका नाही. पण धमनीतले रक्तवायू कंट्रोलसारखेच आणि फुफ्फुसाच्या स्लाइडवरही फरक नाही.

विचारायचं ते असं. थायोअसिटामाइड आणखी काही आठवडे चालू ठेवलं तर फुफ्फुसात बदल येतील का? की सरळ पित्तनलिका बांधण्याच्या मॉडेलवर, सीबीडीएलवर जावं? जायचं असेल तर शस्त्रक्रिया कुठे फसते, आणि एचपीएस झालं हे नेमकं कशावरून म्हणायचं?

पोर्टल_प्रेशर

थायोअसिटामाइड वाढवून काही होणार नाही. तुमचं मोजमाप बहुधा बरोबर आहे. या मॉडेलमध्ये सिरोसिस होतो, पोर्टल दाबही (आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब) वाढतो, पण एचपीएस होत नाही, हे जुनंच निरीक्षण आहे. नुसती पोर्टल शीर अर्धवट बांधली तरी तेच: पोर्टल हायपरटेन्शन येतं, फुफ्फुस शाबूत राहतं. पित्तनलिका बांधली की मात्र दोन ते तीन आठवड्यांत वायूंची देवाणघेवाण बिघडायला लागते, आणि त्या वेळी यकृतात अजून पुरता सिरोसिससुद्धा नसतो. तो चौथ्या-पाचव्या आठवड्यात पक्का होतो. म्हणजे फुफ्फुसाचा बिघाड सिरोसिसच्या मागून चालत येत नाही. पित्तमार्गाच्या पेशी काय सोडतात यावर तो ठरतो.

नलिका तुंबली की तिच्या अस्तराच्या पेशी, कोलँजिओसाइट, भराभर वाढतात आणि एंडोथेलिन-1 तयार करून रक्तात सोडतात. एंडोथेलिन-1 म्हटलं की आपल्या डोक्यात वाहिनी आवळणारं रसायन येतं, आणि स्नायूपेशींवरच्या ईटी-ए रिसेप्टरपुरतं ते खरंही आहे. पण वाहिनीच्या आतल्या अस्तरावर ईटी-बी असतो. त्याला एंडोथेलिन चिकटलं की ई-नॉस हे एन्झाइम जागं होतं, नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि वाहिनी सैल पडते. पोर्टल हायपरटेन्शनमध्ये रक्तप्रवाह जोरात असतो, त्या घर्षणामुळे फुफ्फुसाच्या अस्तरावर ईटी-बी वाढलेला असतो. म्हणून दोन्ही गोष्टी लागतात: वाढलेला रिसेप्टर आणि त्याला चिकटणारं एंडोथेलिन. याचा पुरावा सुबक आहे. पोर्टल शीर बांधलेल्या रॅटला बाहेरून कमी मात्रेत एंडोथेलिन-1 दिलं तर एचपीएससारखे बदल येतात, निरोगी रॅटला तेच दिलं तर येत नाहीत. तुमच्या थायोअसिटामाइड रॅटमध्ये रिसेप्टरची बाजू तयार असेल, पण कोलँजिओसाइटची तशी वाढ नाही, त्यामुळे रक्तातलं एंडोथेलिन चढत नाही.

दुसरी वाट आतड्यातून येते. आतड्यातले जीवाणू आणि एंडोटॉक्सिन रक्तात शिरतात, दाह वाढवणारा टीएनएफ-अल्फा वाढतो, मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत येऊन चिकटतात. त्यांच्यातलं आय-नॉस, ई-नॉसचंच भावंड, आणखी नायट्रिक ऑक्साइड देतं, हीम ऑक्सिजनेज-1 हे एन्झाइम कार्बन मोनॉक्साइड देतं. तेच मोनोसाइट व्हीईजीएफ-ए हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन सुद्धा सोडतात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून नव्या वाहिन्या फुटायला लागतात. सीबीडीएल रॅटला नॉरफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिलं की चिकटलेल्या मोनोसाइटची संख्या घटते, पेंटॉक्सिफायलिनने टीएनएफ अडवलं की एचपीएस सौम्य होतं. दोन्ही प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवतात.

कार्बन टेट्राक्लोराइडच्या वाटेला जाऊ नका. त्यावर काहींनी फुफ्फुसात बदल दाखवले आहेत, पण ते रसायन फुफ्फुसातल्या बारीक श्वासवाटांच्या क्लब पेशींतही सक्रिय होतं आणि फुफ्फुसाला थेट इजा करतं. मग बदल सिरोसिसचा की विषाचा, हे वेगळं काढता येत नाही.

टाका_चार_शून्य

वरचं सगळं मान्य. शस्त्रक्रियेबद्दल लिहितो, कारण सीबीडीएलचे अर्धे निकाल टेबलावरच ठरतात.

200 ते 250 ग्रॅमचा नर घ्या. रात्रभर उपाशी ठेवायची गरज नाही, रॅटला उलटी होत नाही आणि उपवासाने यकृतातलं ग्लायकोजेन उगाच संपतं. भुलेचा आयसोफ्लुरेन सुरुवातीला 4 टक्के, मग 1.5 ते 2. खाली 37 अंशाचं पॅड. वेदनाशामक बुप्रेनॉर्फिन 0.05 मिग्रॅ/किग्रॅ त्वचेखाली, पहिला चीर देण्याआधी. मेलॉक्सिकॅमसारखी दाहशामकं या मॉडेलमध्ये टाळा: प्रोस्टाग्लँडिन दबतात, कावीळ झालेल्या प्राण्याचं मूत्रपिंड आधीच काठावर असतं आणि तुम्ही ज्या रक्तवाहिन्या मोजणार त्यांच्यावरही परिणाम होतो.

छातीच्या हाडाच्या टोकाखालून मधोमध दोन-अडीच सेंटिमीटर चीर. यकृताचे पाळे सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने वर उलटवा, ड्युओडेनम हलकेच खाली ओढा. नलिका ताणली की ती मोतिया, अर्धपारदर्शक दोरीसारखी समोर येते, जाडी जेमतेम एक मिलिमीटर. तिच्या मागेच पोर्टल शीर आहे, तेव्हा चिमटा नलिकेच्या कडेने आणि तिला समांतर चालवा, आडवा खुपसू नका.

रॅटला पित्ताशय नसतं, ते एक बरं. पण स्वादुपिंडाच्या नलिका सामायिक पित्तनलिकेच्या खालच्या भागातच येऊन मिळतात. टाका खाली पडला तर स्वादुपिंडाचा रसही तुंबतो आणि पॅन्क्रिआटायटिस होतो. असा रॅट चौथ्या आठवड्यापर्यंत रोडावतो, छातीत पाणी धरतो, आणि त्याचा ऑक्सिजन खाली येतो तो भलत्याच कारणाने. म्हणून वरचा टाका यकृताकडून येणाऱ्या फांद्या एकत्र झाल्यावर लगेच खाली, खालचा टाका स्वादुपिंडाच्या ऊती सुरू होण्याच्या वर, दोन्ही 4-0 सिल्क धाग्याचे, आणि मधला भाग कापायचा. एकच टाका घालून सोडलं तर काही रॅटमध्ये पित्त पुन्हा वाट काढतं आणि पाचव्या आठवड्यात बिलिरुबिन जवळपास नॉर्मल सापडतं.

गाठ किती आवळायची हे हातालाच कळतं. सिल्क नलिकेत रुतून ती कापली गेली तर पित्ताचा दाब वाढताच, पहिल्या दोन-तीन दिवसांत, गळती होते. पोट फुगलेलं, रॅट कुबड काढून बसलेला, हालचाल नाही, पोट उघडलं तर पिवळं पाणी. त्याला वाचवण्याच्या भानगडीत पडू नका, वेदनारहित मृत्यू द्या.

शॅममध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या खोट्या शस्त्रक्रियेत, नलिका तेवढीच मोकळी करायची, तिच्याखालून चिमटा न्यायचा, बांधायची नाही. नुसतं पोट उघडून बंद करणं म्हणजे शॅम नव्हे.

माइसमध्ये हेच करायचा विचार असेल तर सोडून द्या. माऊसला पित्ताशय आहे, ते फुगतं, कधी फुटतं, यकृतात पित्ताची तळी आणि मेलेल्या पेशींचे मोठे डाग पडतात, आणि एचपीएस दिसण्याइतका काळ पुरेसे प्राणी टिकत नाहीत. जनुक काढलेला माऊसच हवा असेल तरच ती किंमत मोजावी.

पिंजरा_पाहणी

शस्त्रक्रियेनंतरच्या तीन गोष्टी कागदावर सहसा येत नाहीत, म्हणून इथे.

पित्त आतड्यात जात नाही म्हणजे चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत. के जीवनसत्त्व आठवड्यातून एकदा इंजेक्शनने द्यावंच लागतं, मात्रा तुमच्या पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. ते चुकलं तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुफ्फुसात आणि पोटात रक्तस्राव सापडतो, आणि कॅथेटर घालताना रक्त थांबत नाही.

वजनावर विसंबू नका. जलोदर झालेला रॅट खंगत असतो आणि तराजू मात्र वजन स्थिर दाखवतो. 20 टक्के घट हा थांबवण्याचा निकष ठेवला असेल, तर तो या प्राण्यात कधी लागूच होत नाही. पाठीच्या कण्यावर आणि कमरेच्या हाडावर बोट फिरवून शरीरस्थितीचा गुणांक रोज लिहा, पोटाचा घेर वेगळा लिहा.

कान आणि शेपटी पिवळी आणि लघवी गडद, हे पहिल्या आठवड्यात दिसायलाच हवं. न दिसणारा रॅट गटातून काढायचा की नाही, हे प्रयोगाआधी लिहून ठेवा, निकाल पाहून नाही. गट ठरवताना 20 टक्के प्राणी शेवटपर्यंत पोचणार नाहीत असं धरून चाला.

यकृत_गट

आभार. सीबीडीएलचा छोटा पायलट गट आधीच तयार होता, त्याचे चार आठवड्यांचे आकडे देतो. जागे रॅट, मांडीतल्या फेमोरल धमनीतला कॅथेटर, साधी हवा. शॅमची सरासरी ऑक्सिजन 84, कार्बन डायऑक्साइड 38. सीबीडीएलची 76 आणि 29. ऑक्सिजनमधला फरक फक्त 8 मिमी पाऱ्याचा, सांख्यिकीत बसत नाही. प्रयोगशाळा समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. हे एचपीएस म्हणायचं का?

ए_ए_हिशेब

हे चांगलं एचपीएस दिसतंय. तुम्ही चुकीच्या रकान्याकडे बघताय.

सीबीडीएल रॅट जोरजोरात श्वास घेतो. कार्बन डायऑक्साइड खाली गेला की वायुकोशातला ऑक्सिजन वर जातो, आणि त्यामुळे धमनीतली घट झाकली जाते. म्हणून अल्व्हिओलर-आर्टिरिअल ग्रेडियंट, म्हणजे वायुकोशातला वजा धमनीतला ऑक्सिजन, काढायचा.

वायुकोशातला ऑक्सिजन = 0.21 × (हवेचा दाब − 47) − कार्बन डायऑक्साइड ÷ 0.8

सगळे दाब मिमी पाऱ्यात; 47 म्हणजे पाण्याच्या वाफेचा दाब, 0.8 म्हणजे सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वापरलेला ऑक्सिजन यांचं प्रमाण. तुमच्या उंचीवर हवेचा दाब साधारण 710 धरू. 0.21 × 663 = 139.2. शॅम: 38 ÷ 0.8 = 47.5, म्हणजे वायुकोशात 91.7, वजा 84, ग्रेडियंट सुमारे 8. सीबीडीएल: 29 ÷ 0.8 = 36.3, वायुकोशात 102.9, वजा 76, ग्रेडियंट 27. फरक 8 नाही, 19 आहे. माणसांत निदानाची सीमा 15 आहे, 64 वर्षांच्या पुढे 20. रॅटसाठी तीच सीमा उचलण्यापेक्षा तुमच्या शॅम गटाची वरची मर्यादा वापरा. आणि ग्रेडियंट प्रत्येक रॅटचा वेगळा काढून मग सरासरी घ्या, सरासऱ्यांवरून काढू नका. मी वर केला तो फक्त अंदाज.

आता हा हिशेब कुठे फसतो ते.

हवेचा दाब. 760 टाकलात तर शॅमचा ग्रेडियंट 18 येईल आणि सीबीडीएलचा 37. दोन्ही गट आजारी दिसतील. हवामानाच्या ॲपवरचा आकडा तर घेऊच नका, तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. रक्तवायूच्या यंत्रात स्वतःचा बॅरोमीटर असतो, त्याची त्या दिवसाची नोंद वापरा. ग्रेडियंट ऋण आला तर शरीरशास्त्रात तसं काही होत नाही, कुठेतरी आकडा चुकलाय असं समजा.

भूल. आयसोफ्लुरेन बहुतेक ठिकाणी शुद्ध ऑक्सिजनवर चालवतात. त्या अवस्थेत घेतलेलं रक्त आणि सूत्रात 0.21, याला काही अर्थ नाही. वाहक वायू साधी हवा केला तरी भुलेखाली श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड 45-50 च्या पुढे जातो, फुफ्फुसाचे खालचे भाग मिटतात. कॅथेटर भुलेखाली घाला, मानेमागून बाहेर काढा, प्राणी पुरता सावध झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी नमुना घ्या. तुम्ही हे केलेलं आहेच.

सिरिंज. द्रव हेपॅरिन जास्त राहिलं तर कार्बन डायऑक्साइड खोटा कमी येतो, आणि कमी कार्बन डायऑक्साइड म्हणजे फुगलेला ग्रेडियंट. सिरिंज हेपॅरिनने ओली करा आणि दट्ट्या पूर्ण दाबून रिकामी करा, किंवा कोरड्या हेपॅरिनची सिरिंज घ्या. कॅथेटरच्या आतलं सलाइन आधी ओढून टाका, मग 0.2-0.3 मिली नमुना. हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजन खोटा वर सरकतो. लगेच यंत्रात घाला.

0.8 हा आकडासुद्धा पवित्र नाही. उपाशी प्राण्यात तो 0.7 कडे झुकतो. कार्बन डायऑक्साइड 30 असताना 0.8 ने भागलं तर 37.5, 0.7 ने भागलं तर 42.9. म्हणजे नुसत्या न खाण्यामुळे तुमचा ग्रेडियंट पाचेक मिमीने जास्त दिसू शकतो. सीबीडीएल रॅट कमी खातातच. यावर उपाय एकच, शॅम गटाला सीबीडीएल गटाने खाल्लं तेवढंच खाद्य मोजून देणं. खर्चिक नाही, कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच फार कमी जण करतात.

टाका_चार_शून्य

हिशेब पटला. एक मात्र आहे: ग्रेडियंट वाढला म्हणजे एचपीएस, असं नाही. जलोदराने वर ढकललेला डायाफ्राम, छातीतलं पाणी, न्यूमोनिया, सगळ्यांनी ग्रेडियंट वाढतो. वाहिन्या रुंदावल्याचा वेगळा पुरावा हवा.

ए_ए_हिशेब

बरोबर, तो मण्यांनी मिळतो. माणसांत हलवून फेस आणलेलं सलाइन शिरेतून देतात आणि इकोवर डाव्या कर्णिकेत बुडबुडे तीन ठोक्यांनंतर दिसतात का ते बघतात. रॅटमध्ये रंगीत किंवा फ्लुरोसंट मायक्रोस्फिअर, म्हणजे सूक्ष्म मणी, सोयीचे. 6.5 ते 10 मायक्रॉनचे साधारण 25 लाख मणी फेमोरल शिरेतून द्यायचे आणि त्याच क्षणापासून फेमोरल धमनीतून मिनिटाला 1 मिली या वेगाने 90 सेकंद रक्त ओढायचं, पंप लावून, हाताने नाही. निरोगी केशवाहिन्या पाच-सहा मायक्रॉनच्या, त्यामुळे बहुतेक मणी फुफ्फुसात अडकतात. जे धमनीत आले ते रुंद वाटेने आले.

रक्ताचं आकारमान मिलीमध्ये = 0.06 × वजन ग्रॅममध्ये + 0.77. 300 ग्रॅमच्या रॅटचं 18.8 मिली. धमनीच्या रक्तात मिलीला 4,000 मणी सापडले तर 4,000 × 18.8 = सुमारे 75,000, म्हणजे दिलेल्या 25 लाखांच्या 3 टक्के.

ही टक्केवारी खरी शंट, म्हणजे ऑक्सिजन न घेता फुफ्फुस ओलांडणाऱ्या रक्ताचा हिस्सा, मानू नका. धमनीत पोचलेला मणी पुढच्या कुठल्यातरी अवयवात अडकतो, रक्तात एकसारखा मिसळून फिरत राहत नाही, आणि सूत्र तर तसंच गृहीत धरतं. गटागटांत तुलना करायला आकडा चांगला आहे, तेवढाच वापरा. शॅममध्येही तो शून्य येत नाही, कारण सर्वात लहान मणी निरोगी फुफ्फुसातूनही निसटतात.

मणी द्यायच्या आधी थोड्या ट्वीनच्या (साबणासारखं द्रव्य) द्रावणात सॉनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी सुटे करा, आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गुठळ्या असतील तर दोन गोष्टी होतात: मोजणी खोटी कमी येते, आणि रॅट टेबलावरच फुफ्फुसातल्या अडथळ्याने मरू शकतो.

स्लाइड_आणि_जेल

यकृत_गटच्या पहिल्या पोस्टमध्ये 'स्लाइडवर फरक नाही' असं आहे. फुफ्फुस कसं काढलं ते लिहिलेलं नाही. नुसतं कापून फॉर्मलिनमध्ये टाकलं असेल तर सीबीडीएलमध्येही काही दिसणार नाही, कारण मिटलेल्या फुफ्फुसात केशवाहिनी आणि वायुकोशाची भिंत वेगळी ओळखताच येत नाही.

क्रम असा. भुलेखाली छाती उघडा, उजव्या निलयातून पल्मनरी धमनीत कॅन्युला, डाव्या कर्णिकेला छेद, आणि सलाइन कमी दाबाने, 15-20 सेंमी पाण्याच्या, फुफ्फुस पांढरं होईपर्यंत. इथे घाई केली आणि सिरिंजने जोर लावला तर भिंती पाण्याने फुगतात आणि पुढे सूज असल्याचा भास होतो. धुणं मात्र टाळता येत नाही. तुम्हाला वाहिनीला चिकटलेले मोनोसाइट मोजायचे आहेत, वाहत्या रक्तात सापडलेले नव्हेत. धुतलं नाही तर दोन्ही एकत्र मोजले जातात.

मग उजवी मुख्य श्वासनलिका बांधून उजवी बाजू काढून द्रव नायट्रोजनमध्ये, प्रथिनांसाठी. डाव्या बाजूत श्वासनलिकेतून फिक्सेटिव्ह 25 सेंमी पाण्याच्या दाबाने भरा, दहा-पंधरा मिनिटं तो दाब धरून ठेवा, नलिका बांधा आणि अखंड फुफ्फुस रात्रभर फिक्सेटिव्हमध्ये. सर्व प्राण्यांत दाब एकच हवा, नाहीतर एका क्षेत्रातल्या वाहिन्यांची संख्या फुगवण्यावरच अवलंबून राहते.

मोनोसाइट-मॅक्रोफाज ओळखायला सीडी68 या खुणेचं प्रतिपिंड, रॅटमध्ये ईडी1 क्लोन. वायुकोशात मोकळे बसलेले मॅक्रोफाज प्रत्येक फुफ्फुसात असतात, ते मोजायचे नाहीत. वाहिनीच्या आतले तेवढे. शंका आली तर वाहिनीचं अस्तर दाखवणाऱ्या फॉन विलेब्रँड फॅक्टरबरोबर दुहेरी रंग द्या, त्यातच सूक्ष्म वाहिन्यांची घनताही मिळते. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

प्रथिनांच्या जेलवर एकूण ई-नॉस आणि सेरिन 1177 वर फॉस्फेट लागलेलं, म्हणजे जागं झालेलं, ई-नॉस दोन्ही चालवा, शिवाय ईटी-बी, आय-नॉस, हीम ऑक्सिजनेज-1, व्हीईजीएफ-ए. न धुतलेल्या फुफ्फुसाचं लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, लाल असतं. त्यातल्या हिमोग्लोबिनमुळे प्रथिनाचं प्रमाण चुकतं आणि प्रत्येक लेनमध्ये वेगळं चुकतं.

रक्तातल्या नायट्राइट-नायट्रेटवर फार भिस्त ठेवू नका. ते मोजणाऱ्या ग्रीस चाचणीत खाद्यातलं नायट्रेटही मोजलं जातं आणि तुमचे दोन गट सारखं खात नाहीत. रक्तपेशी फुटलेला नमुना तर बाद. एंडोथेलिन-1 मात्र जरूर मोजा, थंड ईडीटीए नळीत रक्त घेऊन लगेच सेंट्रिफ्यूज. तुमच्याकडे थायोअसिटामाइडचा प्लाझ्मा जपलेला असेल तर तोही त्याच प्लेटवर लावा. पोर्टल_प्रेशर यांनी वर जे लिहिलं ते तुमच्याच प्राण्यांत तपासून होईल.

यकृत_गट

थायोअसिटामाइडचा प्लाझ्मा आहे, लावतो. फुफ्फुस मात्र खरंच न धुता घेतलं होतं. शेवटचा प्रश्न: रेणू शस्त्रक्रियेच्या दिवसापासून सुरू करावा की नंतर?

पोर्टल_प्रेशर

नंतर. पहिल्या दिवसापासून दिलेल्या औषधाने एचपीएस टळलं, यावरून झालेलं एचपीएस बरं होईल असं निघत नाही. शिवाय पहिल्या दिवसापासून दिलेलं औषध यकृतातला फायब्रोसिसच कमी करत असेल तर फुफ्फुस आपोआप सुधारलेलं दिसेल. दोन आठवडे थांबा, जाग्या रॅटचा रक्तवायू घ्या, ग्रेडियंट वाढलेले प्राणी निवडून मग गट पाडा, पाचव्या आठवड्यापर्यंत द्या. गट पाडताना बिलिरुबिनही समान वाटलं गेलंय का बघा.

शेवटी यकृताचं सिरियस रेड, पोर्टल दाब आणि प्लाझ्मातलं एंडोथेलिन-1 मोजलंच पाहिजे. पोर्टल दाब शॅममध्ये साधारण 6 ते 8 मिमी असतो, पक्क्या सीबीडीएलमध्ये 12 च्या वर. तीनही तसेच राहून ग्रेडियंट आणि ईडी1 पेशी उतरल्या, तर रेणू फुफ्फुसात काम करतोय असं म्हणता येईल. तीनही उतरले तर तुमच्याकडे यकृताचं औषध आहे, ज्याचा फुफ्फुसाला फायदा झाला. तोही निकाल चांगलाच, पण वेगळा पेपर.

रॅटमधल्या यशावर किती भार टाकायचा, याचं उदाहरण सोराफेनिब, नव्या वाहिन्या रोखणारं कर्करोगाचं औषध. सीबीडीएल रॅटमध्ये त्याने नव्या वाहिन्या आणि ग्रेडियंट दोन्ही कमी झाले. माणसांतली यादृच्छिक चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली, तीन महिन्यांच्या उपचाराने ग्रेडियंट सुधारला नाही. नॉरफ्लॉक्सासिनचंही रुग्णांत तसंच झालं. आजही रुग्णाला खात्रीचा उपाय यकृत प्रत्यारोपण हाच. माझ्या मते यामागे एक कारण स्पष्ट आहे: सीबीडीएल म्हणजे पित्त तुंबण्याचा आजार, आणि मोठ्या माणसांतला सिरोसिस बहुतेक वेळा दारू, विषाणू किंवा चरबीचा. त्यांनाही एचपीएस होतं, आणि ते यकृत किती बिघडलंय याच्याशी नेमकं जुळत नाही, पण एंडोथेलिनची वाट त्यांच्यात एवढी जोरदार असेलच असं नाही. पित्तमार्ग बंद असलेल्या बाळांशी, बिलिअरी अट्रेसियाशी, हे मॉडेल जास्त जवळचं आहे. पेपर लिहिताना तिकडे बोट दाखवा, सरसकट 'सिरोसिस' लिहू नका.

ए_ए_हिशेब

शेवटच्या दिवसाबद्दल एक भर. मणी दिलेल्या रॅटचं फुफ्फुस स्लाइडला वापरू नका, केशवाहिन्या मण्यांनी तुंबलेल्या असतात आणि सलाइनने धुतल्या जात नाहीत. प्रत्येक गटात मण्यांसाठी वेगळे प्राणी ठेवा, म्हणजे प्राण्यांची संख्या त्या हिशेबाने आधीच समितीकडे मागावी लागेल. उरलेल्यांत क्रम असा ठेवा: वजन आणि पोटाचा घेर, जाग्या प्राण्याचा रक्तवायू, एंडोथेलिनसाठी रक्त, मग भूल, पोट उघडून पोर्टल दाब, जलोदराचं पाणी मापात ओढणं, आणि शेवटी छाती. छाती आधी उघडली की पोर्टल दाबाच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.